थकव्याचा जमाखर्च

पॉट्सडॅम येथे लष्करी वैद्य म्हणून चाकरी करणाऱ्या हर्मान हेल्महोल्ट्झ या पंचविशीतल्या तरुणाने १८४७ च्या जुलै महिन्यात बर्लिनच्या भौतिकी मंडळापुढे जो निबंध वाचला, त्यात ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही व नष्टही होत नाही, ती केवळ रूप पालटते, हे त्याने गणिताच्या भाषेत मांडले. आणि स्नायू आकुंचन पावताना उष्णता उत्पन्न होते हे बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून तो त्याच सुमारास पडताळून पाहत असल्यामुळे, मनुष्याचा देहही या जमाखर्चातून सुटत नाही, हे ओघानेच आले. तोवर थकवा हा नीतिशास्त्राचा प्रांत होता. आळसाचा तो सख्खा भाऊ समजला जाई. आता तो खात्यावरची बाकी ठरला, आणि बाकी म्हटली की ती मोजणारा कारकून आलाच.

पहिला कारकून भेटला तो न्यूयॉर्कला. जॉर्ज बियर्ड या मज्जारोगतज्ज्ञाने १८६९ मध्ये ‘न्यूरस्थेनिया’ या नावाने एका दुखण्याचे वर्णन केले. मज्जातंतूंतील शक्तीचा साठा मर्यादित असतो, आगगाडी, तारयंत्र, वृत्तपत्रे आणि स्त्रियांचे शिक्षण यांनी त्याच्यावरचा बोजा वाढला, आणि एकाच विद्युत्प्रवाहावर दिवे वाढवीत गेल्यास सारेच जसे मंदावतात तशी सुशिक्षित अमेरिकनाची अवस्था झाली आहे, अशी त्याची उपपत्ती होती. हा साठा त्याने कधी मोजला नव्हता. फिलाडेल्फियाच्या वायर मिचेलने याच मतानुसार रुग्णांना, विशेषतः स्त्रियांना, आठवडेच्या आठवडे अंथरुणात निजवून दूध पाजण्याचा व लेखन-वाचन बंद करण्याचा उपचार रूढ केला. त्या उपचारातून गेलेल्या शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेने १८९२ मध्ये पिवळ्या भिंतकागदाच्या कथेत त्याचा जो पंचनामा केला, तो मिचेलच्या सगळ्या ग्रंथांहून अधिक वाचला गेला, आणि ते योग्यच झाले.

खरे मोजमाप तुरीनच्या आंजेलो मोस्सोने केले. त्याच्या ‘एर्गोग्राफ’ यंत्रात हात पट्ट्यांनी घट्ट बांधलेला, मधले बोट तेवढे मोकळे. त्या बोटाला दोरी, दोरीला दोन-तीन किलोचे वजन, आणि ठरावीक ठेक्यावर ते उचलताना प्रत्येक उचल काजळी धरलेल्या कागदावर एकेक रेघ उमटवी. रेघा आखूड होत होत शून्याला भिडत, आणि त्यांच्या शेंड्यांतून जी वक्ररेषा निघे ती माणसागणिक निराळी असे. मोस्सोचा सहकारी माज्जोरा दिवसभर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आला, तेव्हा त्याची वक्ररेषा चटकन कोसळली. श्रम मेंदूने केले आणि थकले बोट! (परीक्षकांना हा शोध लावण्यास यंत्राची गरज पडली, याचेच नवल.) १८९१ च्या आपल्या ग्रंथात मोस्सोने हे सारे साद्यंत नोंदवले. परंतु त्याचे यंत्र निरोगी माणसाचा एका बैठकीतला थकवा मोजी. विश्रांतीने न जाणारा, किंबहुना श्रमानंतर दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन परतणारा थकवा त्याच्या कागदावर उमटण्याजोगा नव्हता.

तो थकवा लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ मध्ये आला. जवळजवळ तीनशे जण आजारी पडले, त्यांत बहुतेक परिचारिका व डॉक्टर, दाखल रुग्ण अगदी थोडे; २५ जुलैपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत रुग्णालय बंद ठेवावे लागले. तेथील डॉ. मेल्विन रॅम्झे यांनी हा मज्जासंस्थेचा विकार असल्याचे जन्मभर सांगितले. परंतु १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, त्यांतल्या एकाचे आडनाव योगायोगाने बियर्डच, एकाही रुग्णाला न तपासता केवळ जुनी दफ्तरे चाळून, आजाऱ्यांत स्त्रियाच फार म्हणून हा सामूहिक उन्माद होय, असा निवाडा दिला. हा निवाडा पुढे पुष्कळ वर्षे रुग्णांना भोवला.

आता येथे गणित येते, आणि तेही उपचारक व रुग्ण अशा दोन्ही पक्षांकडून. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात, विश्रांतीने न जाणाऱ्या या थकव्याच्या व्याधीवरील ‘पेस’ नावाच्या ब्रिटिश चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ६४१ रुग्ण, सरकारी पैसा, आणि क्रमाक्रमाने वाढवीत नेलेला व्यायाम व रुग्णाचे विचार-वर्तन बदलणारे समुपदेशन गुणकारी असल्याचा दावा. शारीरिक क्षमतेच्या शंभर गुणांच्या मापावर ६५ किंवा त्याहून कमी गुण असलेल्यालाच चाचणीत प्रवेश होता; आणि अखेरीस ६० गुण मिळवणारा त्या मापापुरता ‘सामान्य’ गणला गेला. म्हणजे ६५ वर आत आलेला माणूस खालावून ६० वर उतरला, तरी हे माप त्याने ओलांडले! हा ६० कोठून आला? लोकसंख्येच्या एका पाहणीतील सरासरी ८४, तीतून प्रमाण विचलन २४ वजा केले. परंतु ही वजाबाकी घंटेच्या आकाराच्या वितरणालाच शोभते. त्या पाहणीत बहुसंख्य निरोगी माणसे शंभराच्या आसपास गर्दी करून होती, आणि म्हातारे व आजारी लांब शेपटीसारखे खाली पसरलेले. मूळ मसुद्यात बरे होण्यासाठी ८५ गुण मागितले होते.

ही विसंगती पाहणाऱ्यांत ज्युली रेमायर ही अमेरिकन विज्ञानलेखिका होती. एमआयटीत गणित शिकलेली, ‘सायन्स न्यूज’मध्ये गणितावर सदर लिहिणारी, आणि स्वतः याच व्याधीने कित्येकदा चालण्यासही असमर्थ झालेली. दुसऱ्याच्या दुखण्यावर लिहिणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या दुखण्याचा पुरावा परक्याच्या कसोटीने पारखणारे विरळा. बुरशीपासून दूर राहिल्यास व्याधी हटते का ते पाहावे म्हणून ती डेथ व्हॅलीच्या वाळवंटात तंबू ठोकून राहिली. तिला त्याचा गुण आला, तरी त्यामागचे शास्त्र सिद्ध झालेले नाही हा भेद तिने आपल्या २०१७ च्या पुस्तकात पुसला नाही. मला तिच्या लेखनातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

चाचणीची मूळ आकडेवारी मात्र तिच्यामुळे नव्हे, तर ऑस्ट्रेलियातील एका रुग्णाच्या माहिती-अर्जामुळे उघड झाली. ती न देण्यासाठी लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाने दोन लाख पौंडांहून अधिक खर्च केला. न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१६ मध्ये विद्यापीठाचे अपील फेटाळले. मूळ मसुद्याच्या कसोटीने पुन्हा हिशेब मांडला तेव्हा, दोन्ही उपचारांनी बरे झालेल्यांचे म्हणून सांगितलेले प्रमाण २२ टक्क्यांवरून समुपदेशनापुरते ७ वर आणि व्यायामापुरते ४ वर आले, आणि यांतले काहीच न मिळालेल्या गटात ते ३ होते. रेमायरने त्याच सप्टेंबरात हा सारा वृत्तांत लिहिला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने या व्याधीवरील नवी मार्गदर्शक तत्त्वे वैद्यकीय मंडळांच्या हरकतींमुळे ऐन वेळी थांबवून अखेर २९ ऑक्टोबर २०२१ रोजी जाहीर केली, तेव्हा ठरावीक प्रमाणात वाढवीत नेलेला व्यायाम त्यांत नव्हता.