कानपूरचे १२८, मद्रासचे १२७

भारतातील संगणकशिक्षणात अग्रेसर ठरलेल्या आयआयटी कानपूरमध्ये १९६० च्या दशकात आयबीएम ७०४४ हा संगणक आला. १९५४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ७०४ पासून चालत आलेली एक लहानशी युक्ती त्यात होती.

अतिविशाल वा अतिसूक्ष्म संख्या संगणक फ्लोटिंग-पॉइंट पद्धतीने, म्हणजे घातांकासह साठवतो. घातांक ऋणही असतो; बिटांना मात्र केवळ ० आणि १ ठाऊक. पूर्णांकांसाठी आज रूढ असलेल्या टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीत आठ बिटांतील −१ म्हणजे ११११११११ आणि +१ म्हणजे ०००००००१. चिन्हाचा विचार न करता तुलना केली, तर −१ मोठा ठरतो!

उपाय सोपा होता. प्रत्येक घातांकात एक ठरावीक संख्या मिळवायची. तिला ‘बायस’ म्हणतात. १२८ मिळवले की −१ चे १२७ होतात आणि +१ चे १२९. उणे चिन्ह नाहीसे होते, क्रम मात्र अबाधित राहतो. याची किंमतही आहे: गुणाकारात घातांकांची बेरीज होताना बायस दोनदा येतो, म्हणून एकदा वजा करावा लागतो.

बायस किती असावा, याविषयी एकमत नव्हते. ७०४४ मध्ये तो १२८ होता. आयबीएम सिस्टिम/३६० मध्ये ६४, आणि तोही सोळाच्या घातांसाठी. एका यंत्राचे बिट दुसऱ्यावर जसेच्या तसे वाचले, तर भलतीच संख्या हाती येई.

विल्यम काहान यांच्या पुढाकारातून साकारलेल्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाने ३२ बिटांच्या संख्येसाठी १२७ हा बायस निश्चित केला. १२८ का नाही? साठवलेल्या घातांकातील ० आणि २५५ ही मूल्ये विशेष कामांसाठी राखीव असल्याने सामान्य संख्यांना −१२६ ते १२७ हे घातांक मिळतात. त्यामुळे त्यांतील सर्वांत लहान संख्येचा व्यस्तही मर्यादेत बसतो. बायस १२८ असता, तर तो मर्यादेबाहेर गेला असता.

आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ प्रोसेसर ज्या रिस्क-व्ही रचनेवर आधारलेले आहेत, तिचे फ्लोटिंग-पॉइंट गणित याच मानकाचे पालन करते. कानपूरच्या यंत्रात −१ हा घातांक १२७ म्हणून साठवला जाई. ‘शक्ती’मध्ये तो १२६ होतो. फरक अवघा एकाचा. पण त्यामागे जगभरच्या यंत्रांनी मान्य केलेला करार आहे. आज चेन्नईत मांडलेली संख्या कोठेही तोच अर्थ सांगते, ती या करारामुळे.