बिघडलेल्या जंतूंची साक्ष

वाचकहो, पाटाचे पाणी नको असताना रात्रंदिवस आपल्या शेतात शिरू लागले, तर आपण काय समजतो? एक तर दार मोडले असेल, नाहीतर पाटकरी जागेवर नसेल. पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी जंतूंच्या बाबतीत असाच तर्क लढवला, त्याची ही हकीकत.

१९४० च्या सुमारास झाक मोनो यांनी जंतूंना दोन साखरा एकत्र दिल्या: ग्लुकोज आणि दुधातली साखर. जंतूंनी आधी ग्लुकोज संपवले, मग थोडे थांबले, आणि नंतर दुधाच्या साखरेला हात घातला. ही साखर फोडायला एक विकर लागते. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जंतू मोठा काटकसरी. साखर नसली तर तो हे विकर जवळजवळ बनवीतच नाही. मग साखर आल्याचे त्याला कळते कसे? साखरच विकर बनवण्याचा हुकूम देते, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती.

या समजुतीला धक्का दिला तो बिघडलेल्या जंतूंनी. काही जंतूंच्या जनुकात अचानक बदल होतो. त्याला उत्परिवर्तन म्हणतात. असे काही जंतू साखर नसतानाही विकर बनवीतच राहत. त्यांच्यात काही वाढले होते, की काही हरवले होते?

याचा निकाल पाश्चर संस्थेत लागला. फ्रान्स्वा जाकोब यांना शल्यचिकित्सक व्हायचे होते. पण १९४४ मध्ये युद्धात झालेल्या जखमांनी तो मार्ग बंद केला, आणि ते जंतूंकडे वळले. १९५७ मध्ये अमेरिकेहून आर्थर पार्डी आले. तिघांनी निरोगी जंतूंची जनुके बिघडलेल्या जंतूंत शिरू दिली. हे जंतू असे निवडलेले, की त्यांना स्वतःचे विकर बनवता येत नव्हते. काय झाले? साखर नसतानाही विकर लगेच बनू लागले, आणि तास-दीड तासाने थांबले! नव्या जनुकाने आपला पाटकरी तयार केला, आणि त्याने दार लावले.

म्हणजे पाणी वाहायला तयारच होते. ते अडवणारा पाटकरी बिघडलेल्या जंतूत नव्हता, एवढेच. साखर हुकूम देत नाही. ती पाटकऱ्याला दारापासून बाजूला घेते. दुसऱ्या काही जंतूंत चांगला पाटकरी आणून बसवला तरी विकर थांबेना. तिथे दारच मोडले होते!

१९६१ मध्ये जाकोब आणि मोनो यांनी ही सारी व्यवस्था मांडली. १९६५ मध्ये त्या दोघांना, आंद्रे ल्वॉफ यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले. पाटकरी खरोखरच एक प्रथिन आहे, हे १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी ते वेगळे काढून दाखवले.

याचा तुमच्याआमच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. ई. कोलायमध्ये औषध बाहेर फेकणारे पंपही असतात, आणि त्यांच्यावरही असेच पाटकरी असतात. एखाद्या उत्परिवर्तनाने तो पाटकरी बिघडला, की पंप वाढतात आणि औषधाची मात्रा पुरेनाशी होते. शिक्षकबंधूंनी वर्गात पाटाचे हे उदाहरण जरूर द्यावे. दारावर बसलेला पाटकरी मुलांनी पाहिलेला असतो.