स्मिथफील्डचा मध्ययुगीन मठ व त्याचा परिसर

लंडनच्या तटाबाहेर स्मिथफील्ड येथे रॅहिअर याने इ. स. ११२३ मध्ये सेंट बार्थोलोम्यूचा मठ व रुग्णालय स्थापिले. या चर्चचे वर्णन बहुधा नॉर्मन कमानींपाशीच थांबते. वस्तुतः त्याचा इतिहास परिसरापासून वेगळा काढता येत नाही. ११३३ च्या सनदेने मठास जत्रेचा हक्क मिळाला आणि कापडव्यापाराचे उत्पन्न सुरू झाले. १३८१ मध्ये याच मैदानावर शेतकरी उठावाचा नेता वॅट टायलर मारला गेला. १५३९ मध्ये मठ विसर्जित होऊन सभामंडप पाडला गेला. पूर्वेकडील भाग तेवढा रहिवाशांच्या उपासनेसाठी उरला. पुढे त्याच्या एका अंगास लोहाराची भट्टी पेटली, तर लेडी चॅपेलमधील छापखान्यात १७२५ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन यांनी काम केले. भाविकांना ही विटंबना वाटणे स्वाभाविक होय. तथापि वापरात राहिल्यामुळेच या भिंती टिकल्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १८५५ मध्ये जत्रा बंद पडली आणि जिवंत जनावरांचा बाजारही इझलिंग्टनला हलला.