पुण्यातील सायकलमार्ग आणि वाहनबंदीचे प्रयोग

विसाव्या शतकात बराच काळ पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार, पेठांतले कारकून, महाविद्यालयांचे विद्यार्थी सायकलनेच जात. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने जागोजागी होती. निर्बंध होते तेही सायकलस्वारांवर: डबलसीट बसल्यास किंवा रात्री दिवा नसल्यास पोलीस अडवत. पुढे आकुर्डीत बजाजच्या स्कूटर तयार होऊ लागल्या, शहर पेठांबाहेर पसरले, अंतरे वाढली आणि सायकल रस्त्याच्या कडेला ढकलली गेली.

तिला वेगळी जागा देण्याचा मोठा प्रयत्न २००६ चा. त्या वर्षीच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांची ये-जा महत्त्वाची मानली. डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी (बसची वेगळी मार्गिका) सुरू झाली आणि तिच्या कडेने सायकलमार्ग आखले गेले. मात्र हे मार्ग सलग नव्हते. बसथांबा, झाड, विजेची पेटी आली की ते तुटत. चौकात, म्हणजे धोका सर्वाधिक तिथेच, संपत. उरलेल्या पट्ट्यात दुचाक्या लागत. सायकलस्वार मुख्य रस्त्यावर परतले, यात त्यांचा दोष नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास आलेली भाड्याच्या सायकलींची योजना फार टिकली नाही.

पेठांतून जाणाऱ्या लक्ष्मी रस्त्यावरील वाहनबंदीची कथा वेगळी. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी तो दरवर्षी वाहनांना बंद होतोच. ११ डिसेंबर २०२१ रोजी मात्र महापालिकेने पादचारी दिनासाठी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग दिवसभर चालणाऱ्यांना मोकळा केला. एक दिवस बंद ठेवून पाहणे हा फार मोलाचा मार्ग होता, कारण बंदी टिकते ती लोकांनी आपली मानली तरच. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि शेतीसाठी कूपनलिकांची बंदी पाळली, कारण ती ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतली होती. शहरातल्या रस्त्याला अशी सभा नसते. दुकानदार, रहिवासी आणि नुसते वाटेने जाणारे यांना बंदीचा अनुभव आधी घेता येतो तो प्रयोगातूनच.

पुढील वर्षांतही पादचारी दिन याच रस्त्यावर झाला. कायमच्या बंदीच्या आड येतो तो मुख्यतः पार्किंगचा प्रश्न: मंडईजवळच्या मिनर्व्हा आणि आर्यन वाहनतळांवर गाडी ठेवून दुकानापर्यंत चालत जाण्याची तयारी ग्राहकांनी दाखवायला हवी, आणि त्या वाटेवरचे पदपथही मोकळे हवेत.