जलपर्णीचं जुनं चित्र

अकोल्यात मोर्णेच्या पुलावरून कधी गेला असाल, तर जलपर्णीची ओळख करून द्यायची गरज नाही. खाली पाणी कमी आणि हिरवी पानंच जास्त दिसतात. मधूनच जांभळी फुलं. परक्या माणसाला ते शेतच वाटावं.

याच वनस्पतीचं एक चित्र १७०५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापलं गेलं. ते काढलं होतं मारिया सिबिला मेरियन या बाईने. १६९९ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. कशासाठी? तर किडे बघायला! तिथे दोन वर्षं तिने अळ्या पाळल्या, त्या कोणती पानं खातात ते टिपलं, कोषातून काय बाहेर पडतं याची वाट पाहिली. झाडांची माहिती सांगायला, किडे आणून द्यायला तिथले मूळ रहिवासी आणि मळ्यांवरचे गुलाम होते. त्यांची नावं पुस्तकात नाहीत.

पुस्तकातल्या ६० चित्रांपैकी ५६वं जलपर्णीचं. पण त्यात नुसती जलपर्णी नाही. बेडूक आहेत, अंडी आणि बेडूकमासे आहेत, आणि एका बेडकाला धरून बसलेला पाण्यातला मोठा किडा आहे. कोण कुठे वाढतं आणि कोण कुणाला खातं, हे एकाच पानावर. त्या काळी किडे एका पुस्तकात आणि झाडं दुसऱ्या पुस्तकात, अशीच बहुधा रीत होती. मेरियनने त्यांना एकत्र आणलं.

आपल्याकडे जलपर्णी आली ती नेमकी उलट. १९व्या शतकाच्या अखेरीस शोभेचं फुलझाड म्हणून ती बंगालमध्ये आणली गेली. एकटीच. तिला खाणारे किडे मागे राहिले. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं, तर कोड कॉपी झाला आणि त्याला आवर घालणारी फाइल जुन्याच मशीनवर राहिली. अनुकूल पाण्यात ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. शेवटी १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी तिचे दक्षिण अमेरिकेतले शत्रू, निओचेटिना जातीचे सोंडकिडे, मागवले आणि बंगळुरूच्या तळ्यांत सोडले. काही तळी त्यांनी मोकळी केलीही.

मोर्णेत मात्र माणसं उतरली. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकरांनी हातांनी जलपर्णी उपसली. 'मन की बात'मध्येही त्याचा उल्लेख झाला. मला त्या लोकांचं मनापासून कौतुक आहे. पण जलपर्णी पुन्हा आलीच. शहराच्या सांडपाण्यातून तिला हवं ते नायट्रोजन आणि फॉस्फरस रोज मिळत राहतं. ताट वाढलेलंच असल्यावर पाहुणा उठेल कशाला?

झाड कशावर जगतं, हे झाडासोबतच दाखवायचं, ही मेरियनची पद्धत. त्या पद्धतीने आज मोर्णेतल्या जलपर्णीचं चित्र काढायचं ठरवलं, तर फुलाशेजारी नाल्याचं तोंड काढावं लागेल. आणि नाल्याच्या दुसऱ्या टोकाला आपली घरं.