पाचगणीच्या शाळेतून गेलेलं एक पत्र

मंडळी, ५ सप्टेंबर म्हणजे आपला शिक्षक दिन. फ्रेडी मर्क्युरीचा वाढदिवसही त्याच तारखेला. 'क्वीन' या जगप्रसिद्ध ब्रिटिश रॉक बँडचा हा मुख्य गायक पियानो कुठं शिकला? आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीला!

खरं नाव फारोख बुलसारा. १९४६ साली झांझिबारमध्ये पारशी घरात जन्म. वडील तिथं इंग्रज सरकारचे कॅशियर. आठ वर्षांच्या पोराला त्यांनी बोटीनं इकडं धाडलं, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. पोराला संगीताचं अंग आहे हे तिथल्या मुख्याध्यापकांनी हेरलं. नुसतं कौतुक करून ते थांबले नाहीत. थोडी जादा फी भरून त्याला रीतसर संगीत शिकवा, असं पत्र त्यांनी आईवडिलांना लिहिलं. घरच्यांनी ऐकलं. पोरगा पियानोच्या चौथ्या ग्रेडपर्यंत गेला.

१९५८ मध्ये पाच मित्रांनी शाळेतच 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत बघा, त्यात मुख्य गायक होता ब्रूस मरे. फारोख मागं पियानोवर!

१९६४ च्या क्रांतीत झांझिबार सुटलं, कुटुंब लंडनजवळ फेल्टमला गेलं. १९७० मध्ये 'क्वीन' उभा राहिला. १३ जुलै १९८५ ला वेम्बलीच्या मैदानात सत्तरेक हजार लोकांसमोर 'लाइव्ह एड'ची मैफल झाली. त्यात फ्रेडी आधी पियानोवरच बसला आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'नं सुरुवात केली. २४ नोव्हेंबर १९९१ ला एड्सनं तो गेला, अवघ्या ४५ व्या वर्षी.

कुणी म्हणेल, ती पैसेवाल्यांची शाळा होती. बरोबर आहे. फी परवडली म्हणून तो शिकला. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठीच तर कायदा लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असं लिहिलंय. कागदावर आहे हो! वर्गात आहे का?

आपल्या उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर आहे. पण त्या स्टेजवर उभं राहणारं पोरगं आधी शाळेत कुणाच्या तरी नजरेत यावं लागतं. पुढच्या पालक सभेला गणिताच्या मार्कांसोबत एवढंही विचारा: गाण्याचा तास कधी असतो, आणि घेतं कोण?

उत्तर काय मिळालं ते खाली लिहा.