क्वाटॉर : सामायिक प्रोफाइलवरून सर्व्हरची मांडणी

क्वाटॉर. मोठ्या संगणक केंद्रांतल्या सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीम, सॉफ्टवेअर आणि सेवा नेटवर्कवरून आपोआप बसवणारी आणि पुढे त्यांची देखभाल करणारी मुक्त स्रोत प्रणाली. युरोपियन डेटाग्रिड या प्रकल्पात (२००१–२००४) ती आकाराला आली. हा प्रकल्प जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखाली चालला होता. क्वाटॉरमध्ये प्रत्येक सर्व्हरची एक प्रोफाइल फाइल असते. त्या सर्व्हरवर काय असायला हवे, याचे संपूर्ण वर्णन तिच्यात असते. या फाइली मध्यवर्ती वेब सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. प्रत्येक यंत्र तिथून आपली फाइल उचलते आणि स्वतःला तिच्याप्रमाणे लावून घेते.

अशा प्रणालीची गरज सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर (एलएचसी) या कण-त्वरकामुळे उभी राहिली. सप्टेंबर २००८ मध्ये या यंत्रात प्रोटॉनांचा पहिला झोत फिरला, पण त्यातून येणारी माहिती कुठे साठवायची आणि कशी तपासायची याची तयारी कितीतरी आधी सुरू झाली होती. एका महासंगणकाऐवजी लिनक्सवर चालणारी हजारो साधी यंत्रे जोडायची, आणि एका देशात भागत नसेल तर अनेक देशांतली केंद्रे एका ग्रिडमध्ये गुंफायची, असा मार्ग निवडला गेला. यंत्रे स्वस्त मिळाली, पण ती सांभाळण्याचे काम अवाढव्य झाले.

वीस सर्व्हरवर एक सेटिंग बदलायची आहे, अशी कल्पना करावी. अॅडमिन एकेका यंत्रावर लॉगिन करून फाइल दुरुस्त करतो, किंवा वीसही यंत्रांवर फिरणारी एक स्क्रिप्ट लिहितो. त्या दिवशी एक यंत्र दुरुस्तीसाठी बंद असते. आठवड्याने ते जुन्याच सेटिंगसह परत चालू होते, आणि ते वेगळे पडले आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ग्रिडमध्ये अशी चूक फार महाग पडते. सेटिंग चुकलेल्या नोडवर, म्हणजे ग्रिडमधल्या अशा एका यंत्रावर, आलेले काम काही सेकंदांत बंद पडते, नोड लगेच मोकळा होतो आणि कामे वाटणारी यंत्रणा त्यालाच पुढचे काम देते. बाकीचे नोड तासन्‌तास गणित करत असताना हा एकटा नोड रांगेतली शेकडो कामे गिळून टाकतो. ग्रिडवर काम करणारी मंडळी त्याला ‘ब्लॅक होल नोड’ म्हणतात.

या प्रश्नाला त्याआधीही उत्तरे शोधली गेली होती. ऑस्लोत मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन सुरू केले. त्याच सुमारास एडिंबरा विद्यापीठात पॉल अँडरसन यांची एलसीएफजी ही प्रणाली उभी राहिली. मध्यवर्ती स्रोत फाइलींवरून प्रत्येक यंत्राचे प्रोफाइल तयार करायचे आणि यंत्राने ते नेटवर्कवरून घ्यायचे, ही कल्पना एलसीएफजीत ठळकपणे दिसते. डेटाग्रिडने सुरुवातीला एलसीएफजीच वापरले. त्याच्या मर्यादा अनुभवल्यावर क्वाटॉरची आखणी झाली. त्यामुळे या क्षेत्राच्या इतिहासात एडिंबराच्या त्या कामाला मानाचे स्थान द्यावे लागते.

क्वाटॉरचा खरा जीव मात्र ‘पॅन’ या तिच्या स्वतंत्र भाषेत आहे. सर्नमधील लिओनेल कॉन्स आणि पिओत्र पोझ्नान्स्की यांनी ती रचली आणि २००२ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध सादर केला. पॅनमध्ये ‘हे कर, मग ते कर’ असा आज्ञांचा क्रम नसतो. अंतिम स्थिती काय असावी एवढेच सांगायचे असते. सगळी माहिती एका झाडासारखी मांडलेली असते : हार्डवेअरची शाखा, सिस्टीमची शाखा, सॉफ्टवेअरची शाखा. वेळ जुळवणाऱ्या सेवेने कोणते सर्व्हर वापरावेत, हे झाडातल्या ठरावीक जागी लिहायचे. एखादी किंमत ‘आधी कुणी दिली नसेल तरच ही धर’ अशा अटीवर देता येते. ‘ही अंतिम आहे, पुढे कुणी बदलू नये’ असेही बजावता येते. पहिल्या सोयीमुळे पॅनमध्ये लिहिलेले सर्वसाधारण टेम्पलेट अनेकांना वापरता येते, आणि दुसरीमुळे केंद्राचे नियम शाबूत राहतात.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे प्रकार-तपासणी. नेटवर्कच्या शाखेत कोणती माहिती असलीच पाहिजे, पोर्टचा आकडा कोणत्या मर्यादेत हवा, हे आधीच बांधून ठेवलेले असते. कुणी पोर्टच्या जागी ७०००० लिहिले, तर पॅनमधल्या वर्णनावरून प्रोफाइल बनवणारा कंपायलर तिथेच थांबतो आणि प्रोफाइल तयारच होत नाही. चूक अॅडमिनच्या टेबलावरच पकडली जाते, सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. पुढे लोकप्रिय झालेल्या पपेट या अशाच प्रणालीमध्ये सहसा यंत्राने विचारणा केली की त्याच्यापुरती यादी तयार होते. क्वाटॉरमध्ये सगळी प्रोफाइल आधी तयार होतात आणि मगच वाटली जातात. हजारो यंत्रे हाताशी असलेल्या केंद्रासाठी ही शिस्त फार मोठा दिलासा आहे.

प्रोफाइल तयार झाल्यापासून ते यंत्रावर लागू होईपर्यंतची साखळीही विचारपूर्वक बांधलेली आहे. कंपायलर प्रत्येक यंत्रामागे एक एक्सएमएल फाइल बनवतो (नंतर जेसनचीही सोय झाली) आणि ती वेब सर्व्हरवर ठेवली जाते. मग संबंधित यंत्रांना यूडीपीवरून एक छोटा संदेश जातो. तो दवंडीसारखा असतो : नवीन प्रोफाइल आले आहे, एवढेच तो सांगतो, मजकूर त्यात नसतो. संदेश वाटेत हरवला तरी अडत नाही, कारण यंत्र ठरावीक वेळाने स्वतःहूनही फाइल तपासते. फाइल आली की ती स्थानिक साठ्यात ठेवली जाते, त्यामुळे मध्यवर्ती सर्व्हर काही काळ बंद पडला तरी यंत्राला आपली सेटिंग माहीत असते.

त्यानंतर यंत्रावरचा एक डीमन जुने आणि नवे प्रोफाइल ताडून पाहतो. प्रत्येक सेवेसाठी पर्ल भाषेत लिहिलेला एक छोटा घटक असतो, आणि झाडातल्या कोणत्या शाखेशी आपला संबंध आहे हे त्याने आधीच नोंदवलेले असते. शाखा बदलली असेल तरच तो घटक चालतो. सॉफ्टवेअर पॅकेजांसाठी वेगळा एजंट आहे आणि तो फार कडक आहे. प्रोफाइलमधल्या यादीत जे आहे ते तो बसवतो, जे नाही ते काढून टाकतो. स्थानिक वापरकर्त्याने घातलेल्या पॅकेजांना मुभा द्यायची की नाही, हेही सेटिंगवरच ठरते. कोरे यंत्र आले तर त्याच प्रोफाइलवरून डीएचसीपी, पीएक्सई आणि किकस्टार्ट यांची तयारी होते. यंत्र नेटवर्कवरून बूट होते, लिनक्स बसते आणि उरलेले काम वरचे घटक पुरे करतात.

डेटाग्रिड संपल्यावर क्वाटॉर खऱ्या अर्थाने सामायिक झाली. ग्रिडच्या सेवा बसवणे किचकट होते आणि प्रत्येक केंद्र तीच मेहनत पुन्हा करत होते. पॅरिसजवळच्या ओर्से इथल्या प्रयोगशाळेतील मंडळींनी सबव्हर्जनवर चालणारे टेम्पलेट-भांडार उभे केले, आणि अनेक केंद्रांनी मिळून ग्रिडसाठीची तयार टेम्पलेटे सांभाळायला सुरुवात केली. एका केंद्राने दुरुस्ती केली की ती बाकीच्यांनाही मिळू लागली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून तर आयर्लंडभर विखुरलेल्या ग्रिड केंद्रांचा कारभार क्वाटॉरवरून एका जागी बसून चालवला जाई.

या कामात मुंबईचाही हात आहे. अणुऊर्जा विभाग आणि सर्न यांच्यातल्या सहकार्यातून तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकतज्ज्ञांनी एलएचसीच्या ग्रिडसाठी सॉफ्टवेअर विकसित केले. ग्रिडच्या कामाचे चित्र दाखवणाऱ्या ग्रिडव्ह्यूबरोबरच क्वाटॉरमध्ये केलेल्या सुधारणांचाही त्यात समावेश होता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोलायडरवरच्या सीएमएस प्रयोगासाठीचे ग्रिड केंद्र आहे. कोलायडरसाठी भारतात घडवलेल्या यंत्रभागांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. सॉफ्टवेअरच्या या कामाची दखल तितकीच घ्यायला हवी होती.

क्वाटॉरच्या उणिवाही ठळक आहेत. पॅन भाषा शिकायला वेळ लागतो आणि ती क्वाटॉरबाहेर फारशी उपयोगी पडत नाही. दहा-वीस सर्व्हरच्या कार्यालयाला एवढा पसारा परवडत नाही. प्रोफाइलमध्ये रूट पासवर्डचे हॅश आणि इतर गुप्त गोष्टी येऊ शकतात, म्हणून ती साध्या एचटीटीपीवर सर्वांना खुली ठेवणे धोक्याचे आहे. एचटीटीपीएस आणि यंत्रागणिक प्रमाणपत्र हाच योग्य मार्ग. शिवाय प्रकार-तपासणी चुकीचा प्रकार पकडते, चुकीचा निर्णय पकडत नाही. नियमात बसणारी पण चुकीची किंमत सामायिक टेम्पलेटमध्ये लिहिली गेली, तर ती शेकडो यंत्रांवर तितक्याच तत्परतेने पोहोचते. म्हणून जाणती केंद्रे बदल आधी थोड्या चाचणी-नोडवर लावतात आणि मगच सगळीकडे सोडतात.

सर्नने २०१२ पासून आपल्या केंद्राची नवी बांधणी ओपनस्टॅक आणि पपेटवर सुरू केली आणि क्वाटॉर मागे पडत गेली. पपेट जगभर वापरले जात होते, त्याची तयार मॉड्यूले मिळत होती आणि ते जाणणारी माणसेही सहज सापडत होती. हे कारण व्यवहाराचे होते आणि रास्तही होते. पण चूक यंत्रापर्यंत जाऊच न देण्याच्या बाबतीत क्वाटॉरची रचना अधिक भक्कम होती, असेच म्हणावे लागेल. मॉर्गन स्टॅनली या वित्तसंस्थेने तिच्यासाठी अॅक्विलॉन ही व्यवस्थापन प्रणाली लिहून खुली केली, आणि ब्रिटनमधील रदरफोर्ड अॅपल्टन प्रयोगशाळेनेही ती स्वीकारली. पॅनचा कंपायलर, घटक आणि टेम्पलेटे यांचा कोड गिटहबवर सर्वांसाठी खुला आहे.